छोट्या होडीला फर्लर बसवावा की हँकची जिबच ठेवावी?

मे महिन्याची दुपार होती. मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या बारवर, म्हणजे वाळूच्या उथळ पट्ट्यावर, ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि वायव्येचा खारा वारा समोरून येत होता. दोन्हींची गाठ पडली की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. जिब, म्हणजे पुढचं तिकोनी शीड, उतरवायला माझी मुलगी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला गेली. एक हात फोरस्टेला (डोलकाठीपासून नाळेपर्यंतची तार), दुसऱ्या हाताने शीड खाली खेचणं चाललेलं, आणि प्रत्येक लाटेला पाणी तिच्या गुडघ्यांवरून जात होतं. सुकाणू सोडता येत नसल्याने मी नुसता बघत बसलो. त्या हंगामानंतर आमच्या 20 फुटी होडीला फर्लर, म्हणजे जिब गुंडाळायची यंत्रणा, बसवला. त्याला आता चार वर्षं झाली.

हँकच्या जिबेला पितळी कड्या (हँक) असतात, त्या फोरस्टेला अडकवायच्या. हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायची दोरी, ओढली की शीड वर, सोडली की खाली. फर्लरमध्ये फोरस्टेवर अ‍ॅल्युमिनियमची लांब पोकळ पट्टी चढवतात, तिला फॉइल म्हणतात. खाली दोरी गुंडाळायचा ड्रम, वर स्विव्हल, म्हणजे फिरणारी कडी. कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेत, बसून दोरी ओढली की शीड फॉइलभोवती गुंडाळलं जातं.

त्या मे महिन्यातल्या प्रसंगापुरतं बोलायचं तर फर्लरला तोड नाही. रायबंदर-चोडण फेरी अचानक आडवी आली, तर आम्ही काही सेकंदांत जिब आवरतो आणि पुढचं सगळं मोकळं दिसतं. नाळेवर कुणी जात नाही.

शिडाच्या आकाराच्या बाबतीत मात्र हँकच सरस. वारा वाढला की जिब थोडी गुंडाळून लहान करता येईल, या आशेवर बरेच जण फर्लर घेतात. पाव ते तिसरा हिस्सा गुंडाळेपर्यंत ठीक चालतं. त्यापुढे शिडाचा मधला भाग फुगतो आणि वाऱ्यावर चढताना, म्हणजे वारा येतो त्या दिशेकडे जाताना, होडी नुसती कलते, पुढे सरकत नाही. पुढच्या काठात फोमची पट्टी शिवून घेतली तर थोडा फरक पडतो. हँकवर मोठी जिब काढून छोटी चढवली की तिचा आकार अगदी नेमका मिळतो.

गोव्यात खरा खर्च करवतं ते ऊन. हँकची जिब पिशवीत घालून घरी नेता येते, फर्लरची नांगरावर उन्हात उभीच राहते. म्हणून मागच्या आणि खालच्या काठाला ऊन सोसणाऱ्या कापडाची पट्टी लागतेच. फर्लर कुठल्या दिशेने गुंडाळतो ते शिवणाऱ्याला आधी सांगा, नाहीतर पट्टी आत जाते आणि शीड बाहेर उघडं पडतं. माझ्या पट्टीचं कापड अजून धड आहे, पण दोरा दुसऱ्याच वर्षी कुजला. नखाने ओढला तर भुगा हातात आला. दरवर्षी ती शिवण बोटाने चाचपून बघा.

आता आमच्या चुकीबद्दल. बसवणाऱ्याने हॅलयार्ड फोरस्टेला जवळजवळ समांतर सोडली होती. चौथ्या-पाचव्या फेरीला ती स्विव्हलच्या वर फॉइलला पिळली आणि जिब अर्धी उघडी राहून अडकली. वारा चढत होता. अशा वेळी जोर लावून ओढलं तर फोरस्टेचीच तार तुटू शकते. आम्ही दोरी सैल करून शीड पुन्हा पूर्ण उघडलं आणि मग हॅलयार्ड सोडून ते खाली घेतलं. आता डोलकाठीवर एक छोटी मार्गकडी आहे, हॅलयार्ड फोरस्टेशी 8 ते 10 अंशांचा कोन करून येते. त्यानंतर एकदाही अडकलेली नाही. फर्लर घेताना या कडीबद्दल आधी विचारा.

पैशांचा हिशेब फक्त फर्लरवर थांबत नाही. जुन्या जिबेच्या हँक काढून तिथे फॉइलच्या खाचेत बसणारी टेप शिवावी लागते. ड्रम आणि स्विव्हल जागा खातात, म्हणून शीड आखूडही करावं लागतं. शिवाय दोरी, कप्प्या, दोरी अडकवायचं क्लीट.

एवढा खर्च नको असेल तर आणखी एक वाट आहे, आणि मला ती फार आवडते. 5-6 मिलिमीटरची दोरी जिबेच्या वरच्या टोकाला बांधा, दोन-चार हँकमधून खाली आणा आणि नाळेवरच्या कप्पीतून कॉकपिटपर्यंत न्या. हॅलयार्ड सोडायची, ही ओढायची, शीड डेकवर येऊन पडतं. नंतर बांधावं लागतं, पण ते शांत पाण्यात.

होडी ट्रेलरवर ठेवून दर वेळी डोलकाठी उतरवत असाल, तर फॉइलच्या नादी लागू नका. ती वाकते. ही ओढदोरीच घ्या. होडी मांडवीत नांगरून ठेवत असाल आणि सोबत मूल किंवा एखादा नवखा माणूस असेल, तर फर्लर घ्या. एकटेच जाणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला.

घ्यायचंच ठरलं, तर पावसाळ्याआधी होडी बाहेर काढून डोलकाठी आडवी कराल तेव्हाच फोरस्टे पिनेपासून पिनेपर्यंत मोजून घ्या. शिवणकाम पावसाळ्यात उरकलं की नारळी पुनवेनंतर शीड तयार असतं. आणि ज्यांच्याकडे फर्लर आहे त्यांनी गुंडाळलेली जिब जूनमध्ये वर ठेवू नये. पहिल्याच झडीत ती सुटते आणि रात्रभर फडफडून चिंध्या होतात.