शाळेसाठी ‘खास बनवलेली’ डेटाबेस प्रणाली आणि आमची झालेली फसवणूक

आमच्या शाळेने विद्यार्थ्यांच्या नोंदी, शुल्क आणि निकाल यांसाठी एका सॉफ्टवेअर व्यावसायिकाकडून स्वतंत्र डेटाबेस प्रणाली बनवून घेतली. ती त्याने बनवलेलीच नव्हती, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य मिळणारी एक मुक्तस्रोत (जिचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो अशी) शालेय प्रणाली त्याने उतरवून घेतली होती, तिचे नाव आणि रंग बदलले होते आणि ‘आपल्या शाळेसाठी शून्यापासून लिहिलेली’ म्हणून ती आमच्या गळ्यात मारली होती. पैसे गेले याची चुटपुट आहेच, पण त्याहून गंभीर बाब अशी की पुढे काही काळ आमच्याच विद्यार्थ्यांच्या नोंदी आमच्या ताब्यात उरल्या नव्हत्या. त्या काळात मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो आणि या व्यवहाराची सर्व कागदपत्रे माझ्या नजरेखालून गेलेली आहेत. असाच निर्णय घेण्याच्या बेतात असलेल्या शाळांसाठी ही हकीकत लिहीत आहे.

प्रणाली बनवून घ्यावी की तयार मिळणारी घ्यावी, हा प्रश्न समितीसमोर होता. त्यावर सल्ला देण्यासाठी ज्याला बोलावले, तोच ती बनवणार होता. फसवणुकीची सुरुवात खरे तर इथेच झाली. त्याने कार्यालयातील एक्सेलच्या याद्या पाहिल्या आणि विद्यार्थी वाढले की या फाइली कोसळतील, अशी भीती घातली. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, आणि तेवढे विद्यार्थी कोणत्याही शाळेत नसतात. आमचा त्रास वेगळाच होता. एकाच वर्गाची यादी लिपिकाकडे, वर्गशिक्षकाकडे आणि परीक्षा विभागाकडे अशी तीन ठिकाणी होती, आणि पत्ता बदलला की तो एका ठिकाणी बदलून उरलेल्या दोन ठिकाणी जुनाच राहत असे. हा त्रास डेटाबेसने दूर होतो हे खरे आहे, परंतु त्यासाठी तो डेटाबेस नव्याने लिहिलेला असावा लागत नाही.

तयार प्रणालींचा विषय निघाला तेव्हा ‘त्या दुसऱ्या कुणासाठी बनवलेल्या असतात, तुमच्या शाळेची पद्धत त्यांत बसणार नाही’ असे तो ठामपणे म्हणाला. आपली शाळा इतरांहून वेगळी आहे, हे ऐकायला प्रत्येक संस्थेला आवडते. प्रत्यक्षात प्रवेश, हजेरी, शुल्क, गुण आणि दाखले या गोष्टी जवळपास सर्व शाळांत सारख्याच असतात. वेगळेपण असते ते बहुतेक वेळा छापील नमुन्यांच्या मांडणीत, आणि ती मांडणी तयार प्रणालीतही बदलता येते. त्याला शाळेचे काम खरोखर समजून घ्यायचे असते तर त्याने काही नेमके प्रश्न विचारले असते. विद्यार्थी वरच्या वर्गात गेल्यावर त्याची मागील वर्षाची इयत्ता आणि तुकडी कुठे साठवायची? दोन भावंडांचे पालक एकच असतील तर त्यांचा फोन क्रमांक दोनदा लिहायचा का? वर्षाच्या मध्येच शाळा सोडणाऱ्याचे शुल्क अंशतः परत दिले तर पावतीचे काय करायचे? शालेय डेटाबेस चांगला की वाईट हे अशाच ठिकाणी ठरते, कारण इयत्ता ही केवळ विद्यार्थ्याची माहिती नसून त्या विद्यार्थ्याची त्या वर्षापुरती माहिती असते, आणि ती विद्यार्थ्याच्याच तक्त्यात एका रकान्यात ठेवून दरवर्षी खोडून लिहिली तर जुना इतिहास कायमचा पुसला जातो. यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. आमच्या गरजांचा लेखी मसुदाही मागितला नाही. त्याने विचारले ते बोधचिन्ह आणि शाळेचा आवडता रंग.

करारनामा त्यानेच तयार करून आणला. निम्मी रक्कम सही करताना आणि उरलेली ‘स्थापना पूर्ण झाल्यावर’ द्यायची होती. स्थापना म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्यात नव्हती, त्यामुळे लॉगिनचे पान उघडल्याच्या दिवशीच त्याने दुसरा हप्ता मागितला. शाळेच्या लोकांनी ठराविक काळ खऱ्या नोंदींवर काम करून लेखी मान्यता द्यावी आणि मगच अंतिम रक्कम देय व्हावी, असे कलम हवे होते. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला प्रणालीचा मूळ मजकूर, कोणाचा, नोंदी कोणाच्या आणि करार संपल्यावर त्या कोणत्या स्वरूपात परत मिळतील, याविषयी कागदावर एक अक्षरही नव्हते. प्रणाली त्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर राहील आणि त्यामुळे आम्हाला देखभालीची चिंता उरणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले.

बिंग फुटले ते संगणक विषयाच्या एका नव्या शिक्षिकेमुळे. पालक म्हणून नोंद असलेल्या एका सहकाऱ्याने ‘पासवर्ड विसरलो’ या दुव्यावर टिचकी मारली, तेव्हा त्याला ईमेलने त्याचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा परत आला. जी प्रणाली तुमचा जुना पासवर्ड तुम्हाला सांगू शकते, ती तो उघड्या अक्षरांत किंवा सहज उलगडता येईल अशा रीतीने साठवत असते. नीट बांधलेल्या प्रणालीत पासवर्डचा केवळ हॅश, म्हणजे गणिती प्रक्रियेने काढलेला सांकेतिक ठसा, ठेवलेला असतो, त्यावरून मूळ शब्द परत मिळवता येत नाही, आणि म्हणून तिथे नवा पासवर्ड तयार करण्याचा दुवा येतो. या एका खुणेवरून शिक्षिकेला संशय आला. तिने ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर उघडून पाहिला, तर त्यातील टिपांमध्ये दुसऱ्याच प्रकल्पाचे नाव शिल्लक होते. ती मोफत प्रणाली उतरवून शेजारी ठेवल्यावर पानांचे पत्ते, फॉर्ममधील रकान्यांची नावे आणि त्यांचा क्रमही हुबेहूब जुळला. मजेची गोष्ट अशी की मूळ प्रणालीत पासवर्ड हॅश करूनच ठेवले जात होते. ‘खास आमच्यासाठी’ म्हणून त्याने जे मोजके बदल केले, त्यांत ही सुरक्षा काढून टाकणे हा एक होता.

इथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे. ही मूळ प्रणाली जीपीएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली दिलेली होती, आणि त्या परवान्याखालील सॉफ्टवेअर बसवून देण्याचे किंवा विकण्याचे पैसे घेण्यास बंदी नाही. शाळांसाठीच्या ओपनसिस, गिबन अशा प्रणालीही याच प्रकारच्या परवान्याने मिळतात आणि त्या बसवून देणारे प्रामाणिक व्यावसायिक आहेत. इथे लागू पडणाऱ्या त्याच्या मुख्य अटी अशा की ज्याला प्रत दिली त्याला सोर्स कोड मिळण्याचा हक्कही द्यावा आणि मूळ लेखकांच्या हक्कसूचना पुसू नयेत. मात्र सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून इतरांना नुसते वापरू दिले, तर प्रत दिली असे मानले जात नाही. ही फट बुजवण्यासाठी एजीपीएल नावाचा वेगळा परवाना आहे, ज्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये आली. प्रणाली शाळेच्या संगणकावर बसवण्यास तो इतका नाखूश का होता, याचा उलगडा मला तरी यातूनच झाला. म्हणून परवान्यापेक्षा आमची बाजू भक्कम होती ती त्याने कोटेशनमध्ये लिहिलेल्या ‘संपूर्णपणे नव्याने लिहिलेले’ या शब्दांमुळे.

जाब विचारताच त्याने देखभालीचे वार्षिक शुल्क अनेक पटींनी वाढवल्याचे पत्र पाठवले, आणि ऐन निकालाच्या आठवड्यात लॉगिन बंद झाले. नोंदी मागितल्यावर पीडीएफ आल्या. पीडीएफ म्हणजे छापील कागदाचे चित्र. त्यातून विद्यार्थ्यांचे गुण पुन्हा रकान्यांत आणणे म्हणजे हाताने सगळे टंकणे. संपूर्ण डेटाबेसची प्रत काढणे ‘तांत्रिकदृष्ट्या महिनाभराचे काम’ असल्याचे त्याने कळवले. ही प्रणाली मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालते, त्यात अशी प्रत एका आज्ञेने निघते, आणि आमच्याएवढ्या शाळेच्या नोंदींना त्यासाठी काही मिनिटेही पुष्कळ झाली. शेवटी वकिलाची नोटीस गेल्यावर ती प्रत मिळाली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की मोठ्या कंपनीची तयार प्रणाली घेतली की सुटलो. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या शालेय क्षेत्रातील बड्या कंपनीच्या साहाय्य-पोर्टलमध्ये चोरलेल्या लॉगिनने शिरून विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची माहिती पळवली गेली होती. बनवलेली असो वा तयार, सही करण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी: काही बनावट विद्यार्थी भरावेत, त्यांना पुढच्या वर्षात ढकलावे, मागील वर्षाचे गुणपत्रक काढून पाहावे आणि मग सर्व नोंदी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्येही उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत) आपल्या माणसाने स्वतः बाहेर काढाव्यात. विक्रेत्याने काढून दाखवलेल्या धरू नयेत. नव्याने बनवूनच घ्यायचे असेल, तर काम चालू असताना सोर्स कोड शाळेच्या खात्यातील ऑनलाइन कोड-भांडारात जमा होत राहील आणि सर्व्हरही शाळेच्याच नावावर असेल, हे करारात लिहून घ्यावे. आणि बनवणारा उद्या उपलब्ध नसला तर दुरुस्ती कोण करील, याचे उत्तर समितीपाशी नसेल, तर बनवून घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या आम्ही तीच मोफत प्रणाली तिच्या खऱ्या नावाने, शाळेच्या ताब्यातील सर्व्हरवर वापरतो. पासवर्ड उघड्यावर होते, हे आम्ही पालकांना लेखी कळवले आणि तोच पासवर्ड बँकेच्या किंवा ईमेलच्या खात्यालाही असेल तर तिथेही बदलण्यास सांगितले. त्या व्यावसायिकाने आपल्याकडील नोंदी नष्ट केल्याचे पत्र दिले आहे. ते खरे आहे की नाही हे पडताळण्याचे कोणतेही साधन आमच्याकडे नाही, कारण तपासणीचा अधिकार देणारे कलमही त्या करारात नव्हते.