स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? वजनाचं ऑपरेशन निवडताना

ताईला घेऊन सर्जनकडे गेले तेव्हा तिचा पहिलाच प्रश्न होता, "डॉक्टर, कोणत्या ऑपरेशनने वजन जास्त उतरतं?" डॉक्टरांनी उलट तिलाच विचारलं, "रात्री झोपताना उशा किती घेता?" दोन, कधी कधी तीन. सपाट झोपलं की घशाशी आंबट येतं म्हणून उशीखाली गोळ्यांची पट्टी ठेवलेली असायचीच. डॉक्टरांनी तिथल्या तिथे एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून नळी घालून अन्ननलिका आणि जठर बघण्याची तपासणी, लिहून दिली. त्याआधी आम्ही दुसरीकडे दाखवलं होतं. तिथे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, स्लीव्हचं पॅकेज आणि ऑपरेशनची तारीख मात्र पहिल्याच भेटीत हातात पडली होती.

ते सगळं जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. किती किलो उतरतील हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. छातीत जळजळ होते का, शुगर आहे का आणि किती वर्षांपासून, सांधेदुखीच्या गोळ्या लागतात का, आणि आयुष्यभर व्हिटॅमिनच्या गोळ्या न चुकता घेणं जमेल का, यांवरून ऑपरेशन ठरतं.

स्लीव्ह

जगात आणि आपल्याकडेही सध्या सर्वांत जास्त होणारं ऑपरेशन हेच. दुर्बिणीतून जठराचा डावीकडचा फुगीर भाग, म्हणजे साधारण ७५ ते ८० टक्के जठर, स्टेपलरने वेगळा करून काढून टाकतात. मागे केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतड्यांना हात लावत नाहीत. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने बऱ्याच जणांना भूक फारशी लागत नाही. काढलेलं जठर परत बसवता येत नाही, हे आधीच समजून घ्या.

स्लीव्हचा खरा अडथळा आम्लपित्त. अरुंद नळीत दाब वाढतो आणि आम्ल अन्ननलिकेकडे वर चढतं. स्वित्झर्लंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास झालेल्या दोनशेहून अधिक रुग्णांचा ५ वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आधी जळजळ असलेल्यांपैकी स्लीव्हनंतर जवळपास तिघांतल्या एकाची जळजळ वाढली. बायपासनंतर हे प्रमाण ६ टक्के होतं. फिनलंडमधल्या अशाच अभ्यासात १० वर्षांनी एन्डोस्कोपी करून पाहिली तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के जणांत दिसली, बायपासवाल्यांपैकी ७ टक्के जणांत. ज्याला रोज पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) लागतं, ज्याला मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे, त्याने स्लीव्हला होकार देण्याआधी दहा वेळा विचार करावा.

बायपास

यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशा लिंबाएवढी, जेमतेम ३० मिलीची पिशवी वेगळी करतात. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला जोडतात आणि पित्त आणणारा भाग पुढे दुसऱ्या जोडावर मिळवतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न त्यातून जात नाही. पिशवीत आम्ल फारसं तयार होत नाही आणि पित्तही वर येत नाही, त्यामुळे ताईसारख्यांची जळजळ बहुधा थांबते. ती आता एका उशीवर झोपते.

मधुमेहात बायपासचं पारडं थोडं जड आहे. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथली जीएलपी-१ सारखी हार्मोन्स वाढतात आणि वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच शुगर खाली येऊ लागते. म्हणूनच ऑपरेशननंतर इन्शुलिनचे डोस लगेच कमी करावे लागतात, ते आपल्या मनाने जुनेच चालू ठेवू नयेत. मात्र पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह आणि भरपूर इन्शुलिन असेल तर कुठल्याच ऑपरेशनने तो पूर्ण जाईल अशी आशा धरू नका. मधुमेह जितका अलीकडचा असेल तितकं चांगलं.

आता बायपासची किंमत. पहिलं डम्पिंग. सहा महिन्यांनी भाचीच्या बारशाला ताईने अर्धी वाटी श्रीखंड खाल्लं. पंधरा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, आणि पाहुणे पंगतीत असताना ती आतल्या खोलीत पंख्याखाली पडून होती. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं. सगळ्यांना होत नाही, पण होतं तेव्हा माणूस घाबरतो.

दुसरं, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या जवळजवळ कायमच्या बंद. त्यांनी जोडावर अल्सर होतो. सिगारेट, विडीनेही होतो. तंबाखू आणि मिश्रीसुद्धा सोडायची, आणि घरातल्या मोठ्या बायका मिश्री लावतात हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं, कारण त्यांना ती सहसा व्यसन वाटतच नाही. आमवातासाठी या गोळ्या ज्यांना सोडताच येणार नाहीत, त्यांना मी स्लीव्हकडे बघायला सांगेन.

तिसरं, पोटातल्या पोटात आतडं अडकणं. वजन झपाट्याने उतरल्यावर आतली चरबी कमी होते, फटी मोकळ्या होतात आणि त्यांत आतडं शिरू शकतं. हे दोन-चार वर्षांनीही होतं. पोट पिळवटून दुखलं तर गॅस समजून घरी ओवा खात बसू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलात जा आणि दारातच सांगा, "माझं वजनाचं बायपास झालंय." ताईच्या पर्समध्ये हेच लिहिलेली एक चिठ्ठी कायम असते.

मिनी बायपास

१९९७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी सुरू केलेलं हे ऑपरेशन भारतात चांगलंच रुजलं. जठराची लांब नळी आणि आतड्याशी एकच जोड, त्यामुळे वेळ कमी लागतो. वजन उतरण्यात ते नेहमीच्या बायपासच्या बरोबरीचं आहे. पण फ्रान्समधल्या २०१९ च्या चाचणीत, जिथे २०० सेंटिमीटर आतडं अन्नाच्या वाटेतून वगळलं होतं, जुलाब आणि कुपोषणाचे त्रास मिनी बायपासमध्ये जास्त दिसले. पित्त वर येण्याची शक्यताही राहते.

आपल्या शाकाहारी घरांत मला इथे जास्त काळजी वाटते. ऑपरेशननंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि पोटात एका वेळी मावतं चार-पाच चमचे. वरण, ताक, पिठलं यांवर ते गणित जमत नाही. पनीर, सोया, घट्ट दही, प्रोटीन पावडर रोज मोजून घ्यावी लागते. हे जमणार नसेल तर मिनी बायपास मागू नका, आणि सर्जनने सुचवलंच तर किती सेंटिमीटर आतडं वगळणार ते विचारा.

बॅन्ड, म्हणजे जठराला बाहेरून बसवायचा पट्टा, आता मागे पडला आहे. बलून, म्हणजे जठरात ठेवायचा फुगा, हे ऑपरेशन नव्हे, तो साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि बऱ्याच जणांचं वजन परत चढतं.

मग वजनाचं काय?

ताईची उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४१ च्या पुढे. बीएमआय २५ धरला तर तिचं वजन ६२ हवं, म्हणजे जास्तीचं ४२ किलो. फिनलंडच्या अभ्यासात १० वर्षांनी या जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हने मध्यक (मधोमध येणारा आकडा) ४३.५ टक्के आणि बायपासने ५०.७ टक्के उतरलेलं राहिलं. ताईच्या आकड्यांत १८ किलो आणि २१ किलो. तीन किलोंचा फरक! एवढ्याशा फरकावरून ऑपरेशन निवडून रात्रभर जळणारी छाती किंवा जोडावरचा अल्सर पत्करायचा का, हे ज्याचं त्याने बघावं.

स्लीव्ह "साधं" म्हणून गोळ्या सुटतात असं मात्र नाही. बी१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व दोन्हींत लागतं, बायपासनंतर जास्त काटेकोरपणे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते परत येतात. दोन्हींनंतर दीड वर्ष तरी गर्भधारणा टाळायला सांगतात. नुकतं लग्न झालेल्या मुलींनी ही गोष्ट घरच्यांसमोर आधीच स्पष्ट करून घ्यावी.

बीएमआय ३०-३२ असेल तर आधी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांशी बोला. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही आपल्याकडे आली. ती बंद केली की वजन पुन्हा चढू लागतं आणि महिन्याचा खर्च चालूच राहतो, हे धरून हिशेब करा.

विम्याचं वेगळं बघावं लागतं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई लोकांना बीएमआय २७.५ च्या पुढेही ऑपरेशन सुचवता येतं, पण आपल्या पॉलिसींचे नियम जुन्या मर्यादांवर आहेत: वय किमान १८, आणि बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि जोडीला आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं). आधीचे उपाय करून झालेत याचे कागदही मागतात. ताईने आहारतज्ज्ञाच्या दोन वर्षांपूर्वीच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, त्या क्लेमच्या फाइलला जोडल्या. वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक उपचारांचा खर्च न मिळण्याचा काळ, संपला आहे का, हे मात्र तारीख घेण्याआधी पॉलिसी काढून वाचा.