कँटनचं प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम: चार स्टार, आणि १९७७ च्या रांगेसाठी वेगळा वेळ काढा

ओहायोत राहणाऱ्या किंवा इंडियाहून आलेल्या आईबाबांना घेऊन इकडून गाडीने नायगाराला निघणाऱ्या मंडळींसाठी लिहितेय. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल बरं का, हेल्मेटवाला, पायाने कमी आणि हाताने जास्त खेळायचा तो. क्लीव्हलंडच्या दक्षिणेला तासाभरावर कँटन लागतं, आय-७७ हायवेला अगदी चिकटून हे म्युझियम आहे, फुटबॉलच्या आकाराचा घुमट लांबूनच दिसतो त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. थोडक्यात हवं असेल तर: जा, अर्धा दिवस हाताशी ठेवा, तिकीट ऑनलाइन काढा, पार्किंगचे पैसे वेगळे जातात हे धरून चला, आणि गेम अजिबात माहीत नसेल तर आदल्या रात्री घरी एखादी मॅच बघून मग जा, नाहीतर नुसते शर्ट आणि हेल्मेट बघून बाहेर याल आणि मला शिव्या द्याल.

आम्ही गेलो ते चिरंजीवांच्या हट्टापायी, तो नववीत आहे, फँटसी लीगच्या (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा खेळ) आकड्यांमध्ये बुडालेला असतो. बरोबर सासरे होते. नाना तरुणपणी इस्लामपूरकडे कबड्डी खेळायचे, त्यांना या गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आमच्यात सगळ्यात जास्त मजा त्यांनाच आली असं माझं मत आहे.

आधी म्युझियमच कँटनसारख्या लहान गावात का ते सांगते, कारण हे माहीत असलं की बघायला मजा येते. १७ सप्टेंबर १९२० ला याच गावात राल्फ हे (Hay) नावाच्या माणसाच्या हपमोबिल गाड्यांच्या शोरूममध्ये टीमवाल्यांची मीटिंग झाली, खुर्च्या पुरेनात म्हणून लोक गाड्यांच्या फुटबोर्डवर बसले आणि तिथे जी लीग ठरली तिचंच पुढे एनएफएल, म्हणजे या खेळाची आजची मुख्य प्रोफेशनल लीग, झालं. त्या मीटिंगला हजर असलेले जॉर्ज हॅलस पुढे शिकागो बेअर्सचे मालक आणि कोच म्हणून दंतकथा झाले, आणि म्युझियम ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावही जॉर्ज हॅलस ड्राइव्ह. हॅलस नाव लक्षात ठेवा, पुढे लागणारे. आत शिरल्यावर जिम थॉर्पचा भलाथोरला ब्राँझचा पुतळा आहे, लीगचा पहिला अध्यक्ष, फोटो तिथेच काढून घ्या, पुढे लोक वाढतात.

जुने बूट, चामड्याची हेल्मेट, सुपर बोल (लीगची फायनल) जिंकणाऱ्यांच्या अंगठ्या, हे सगळं छान मांडलंय, त्यावर मी जास्त लिहीत नाही, वेबसाइटवर फोटो आहेत. मुलगा अंगठ्यांपाशी चिकटला तो चिकटलाच. मला लिहायचंय ते ब्राँझच्या मुखवट्यांच्या दालनाबद्दल.

इथे हॉलमध्ये निवड झालेल्या प्रत्येकाचं छातीपासून वरचं ब्राँझचं शिल्प आहे, आता पावणेचारशेच्या वर झालेत, अंधारलेली खोली, प्रत्येक चेहऱ्यावर तेवढाच उजेड. निवडीच्या वर्षाप्रमाणे लावलेत. कोच आणि टीव्ही कॉमेंटेटर जॉन मॅडन २००६ साली इथे भाषणात म्हणाले होते की रात्री दिवे गेले की हे पुतळे एकमेकांशी गप्पा मारतात अशी माझी खात्री आहे, आणि खरं सांगते तिथे उभं राहिल्यावर ते पटतं. पण मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. शिल्प छातीच्या वरचंच असतं. आणि या खेळात निम्म्या लोकांचं करिअर संपतं ते गुडघ्यात. गुडघा इथे कुठेच नाही.

१९७७ च्या रांगेत जा. पाच जण आहेत: फ्रँक गिफर्ड, फॉरेस्ट ग्रेग, गेल सेयर्स, बार्ट स्टार, बिल विलिस. यातल्या सेयर्ससमोर थांबा, हा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी. इथे दाखल झाला तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, आजपर्यंतचा सगळ्यात तरुण. ऐकायला भारी वाटतं ना, पण जरा हिशोब करा, निवृत्त होऊन पाच वर्षं झाल्याशिवाय इथे निवड होत नाही, म्हणजे गडी २९ व्या वर्षी घरी बसला होता! सगळ्यात तरुण हा मान त्याला मिळाला तो मुळात खेळ लवकर सुटला म्हणूनच.

आणि खेळ काय होता माहितीये का. कॅन्सस युनिव्हर्सिटीचा पोरगा, १९६५ साली ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) बेअर्सने चौथ्या नंबरला घेतला, पहिल्याच सीझनमध्ये २२ टचडाउन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की होतो तो), तो तेव्हाचा रेकॉर्ड. १२ डिसेंबर १९६५ ला शिकागोच्या रिग्ली फील्डवर पावसाने नुसता चिखल झालेला, बाकीचे २१ जण घसरताहेत आणि हा एकटा सरळ पळतोय, एका मॅचमध्ये सहा टचडाउन, त्यातला एक ८० यार्डांचा आणि शेवटचा ८५ यार्डांचा. समोर सॅन फ्रॅन्सिस्कोची टीम, स्कोर ६१-२०. तेव्हा वय फक्त २२. त्याचं पळणं बघायचं असेल तर जुने व्हिडिओ आहेत, यूट्यूबवर पण सापडतील, शरीर एकीकडे झुकतं आणि पाय दुसरीकडेच निघून जातात, पकडायला आलेला माणूस हवेला मिठी मारून खाली पडतो.

मग १० नोव्हेंबर १९६८. पुन्हा रिग्ली फील्ड, पुन्हा सॅन फ्रॅन्सिस्कोच समोर, सीझनची नववी मॅच आणि बॉल घेऊन पळून ८५६ यार्ड झालेले. समोरच्या टीमचा कर्मिट अलेक्झांडर खालून आला आणि सेयर्सचा उजवा पाय जमिनीत रोवलेला असताना त्याच गुडघ्यावर आदळला. नियमाला धरून केलेला टॅकल, फाउल वगैरे काही नाही. लिगामेंट, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारे पट्टे, फाटली. मी नानांना हे मोबाइलवर वाचून दाखवत होते, त्यांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "पाय सुटा असता तर काय नसतं झालं, पाय रुतला म्हणून गेला." आणि तिथेच दोन पुतळ्यांच्या मधल्या जागेत स्वतःचा पाय रोवून गुडघा बाजूने कसा दाबला जातो ते दाखवायला लागले, एक गोरे आजोबा थांबून बघत होते, त्यांना मराठीचा गंध नाही तरी मान हलवत होते. पंधरा वर्षं इथे राहून मला जे कोणी समजावून सांगितलं नव्हतं ते नानांनी दोन मिनिटात सांगितलं: बुटाचे खिळे मातीत अडकतात, मांडी एकीकडे फिरते, नडगी जागेवर राहते, आणि मधे जे काही असतं ते तुटतं.

आता पुढचं ऐका. तेव्हा आजच्यासारखं एसीएल (गुडघ्यातली एक मुख्य लिगामेंट) नव्याने बसवायचं तंत्र नव्हतं, तरी हा पठ्ठ्या पुढच्या वर्षी परत आला आणि १९६९ मध्ये १०३२ यार्ड पळून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. तेही कुठल्या टीमकडून, तर त्या सीझनला १४ पैकी १३ मॅच हरलेल्या बेअर्सकडून. लोक म्हणतात पूर्वीची चपळाई राहिली नव्हती, ताकदीवर आणि डोक्यावर खेळला. १९७० मध्ये दुसरा गुडघा गेला, डावा. त्या वर्षी दोन मॅच, पुढच्या वर्षी दोन मॅच, १९७२ चा सीझन सुरू व्हायच्या आधी संपलं. एकूण ६८ मॅच. मुलगा म्हणाला, "आई, एवढ्या मॅच तर आता क्वार्टरबॅक चार सीझनमध्ये खेळतात." (क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा गडी.) बरोबर आहे त्याचं. तरी किकऑफ परतवताना (समोरच्यांनी लाथेने मारलेला बॉल पकडून उलट पळताना) सरासरी ३०.५६ यार्ड हा सेयर्सचा करिअर रेकॉर्ड अजून शाबूत आहे.

१९७७ ला त्याला इथे स्टेजवर सादर केलं ते हॅलसनीच. आणि तोपर्यंत सेयर्स काही रडत बसला नव्हता, हे मला फार आवडलं, खेळत असतानाच शेअर ब्रोकरचं काम शिकून घेतलं होतं, निवड झाली तेव्हा सदर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीत खेळ विभागाचा डायरेक्टर होता, पुढे कॉम्प्युटर सामानाचा धंदा केला. शेवटची वर्षं मात्र डिमेन्शियात गेली, सप्टेंबर २०२० मध्ये वारला.

सेयर्सबद्दल बोलताना ब्रायन पिकोलो राहून चालत नाही, पण त्याचा पुतळा शोधू नका, इथे नाहीये. सेयर्सचा रूममेट. सेयर्स काळा, पिकोलो गोरा, १९६७ साली बेअर्समध्ये अशी जोडी पहिल्यांदाच एका खोलीत राहिली. पिकोलोला कोणी ड्राफ्टमध्ये घेतलंच नव्हतं, कॉलेजात १९६४ ला देशात सगळ्यात जास्त यार्ड काढूनसुद्धा, स्वतःच्या जिवावर टीममध्ये आलेला. सेयर्सचा गुडघा गेला तेव्हा याने त्याला व्यायामाला ढकलत ठेवलं, आणि खरं तर सेयर्स बरा झाला तर पिकोलोचीच जागा जाणार होती. १९६९ च्या सीझनमध्ये त्याला खोकला लागला तो जाईना, तपासलं तर छातीत कॅन्सर. मे १९७० मध्ये सेयर्सला धैर्याचं बक्षीस मिळालं तेव्हा तो स्टेजवरून म्हणाला की मी आज हे घेतोय पण उद्या हे पिकोलोचं आहे. १६ जून १९७० ला पिकोलो गेला, वय २६, घरी तीन लहान मुली. ज्या प्रकारचा कॅन्सर त्याला होता त्यातले आज बरेचसे पेशंट बरे होतात. बेअर्सने ४१ नंबर पुन्हा कोणाला दिला नाही, आणि सेयर्सचा ४० पण नाही.

त्याच रांगेतल्या गिफर्डकडे पण नीट बघा. १९६० मध्ये यांकी स्टेडियमवर समोरच्या टीमच्या चक बेडनरिकने असा काही ठोकला की मैदानावरच बेशुद्ध, अख्खा पुढचा सीझन घरी, मग परत येऊन खेळला आणि नंतर टीव्हीवर वर्षानुवर्षं कॉमेंट्री केली. २०१५ ला गेल्यावर घरच्यांनी जाहीर केलं की मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडलं. म्हणजे गुडघा नाही पण डोकं मात्र शिल्पात आहे, आणि आत काय चाललं होतं ते बाहेरून कळत नाही.

अजून दोन ठिकाणी थांबण्यासारखं आहे. २०१७ च्या रांगेत टेरेल डेव्हिस आणि केनी ईझली शेजारशेजारच्या नशिबाचे. डेव्हिसने १९९८ ला २,००८ यार्ड काढले आणि पुढच्याच वर्षी चौथ्या मॅचमध्ये गुडघा गेला, तो पण बॉल घेऊन पळताना नाही, बॉल दुसऱ्या टीमने पळवला म्हणून त्याला अडवायला गेला तेव्हा. ईझलीचा खेळ तर दुखापतीनेच सुटला असंही नाही, दुसऱ्या टीमला द्यायच्या आधी मेडिकल केलं तर किडनी खराब निघाली, सात सीझनमध्ये विषय संपला. आणि २०२५ चा स्टर्लिंग शार्प, मानेच्या दुखण्याने १९९४ नंतर खेळला नाही, इथे यायला त्याला तीस वर्षं लागली, धाकटा भाऊ शॅनन २०११ लाच येऊन बसला होता. कमी खेळलेल्यांना निवडायचं का नाही यावर ही मंडळी किती वर्षं घोळ घालतात ते या तारखांवरूनच कळतं. माझं विचाराल तर सेयर्सला पाच वर्षात घेतलं मग डेव्हिसला इतकी वर्षं ताटकळत का ठेवलं, हे मला अजून पटलेलं नाही.

मुलाला मी तिथेच एक सांगितलं, खेळाडूंची युनियन स्वतःच म्हणते की सरासरी करिअर साधारण सव्वातीन वर्षांचं असतं, आणि लीगची पेन्शन लागायला तीन सीझन भरावे लागतात. त्याने लगेच फँटसी टीममधल्या रनिंग बॅकची वयं काढली. म्हटलं चला, हेही नसे थोडके.

आता एक स्टार का कापला. चेहऱ्यांचं दालन सुंदर आहे पण नवख्या माणसाला ते मुकं वाटतं. चेहरा, नाव, वर्ष, आणि माहिती हवी तर स्क्रीनवर शोधा, पण कोणाला शोधायचं हेच माहीत नसेल तर काय शोधणार? कोणीतरी माणूस उभा राहून दहा नावांच्या गोष्टी सांगेल असं काहीतरी पाहिजे होतं, मला तरी. किमान घरून चारपाच नावं लिहून न्या, मी वर दिलेली चालतील, गाडीत पोरांना वाचायला लावा.

दुकानाबद्दल: जर्सीचे भाव बघून नवऱ्याने हात मागे घेतला, आम्ही एक मॅग्नेट घेऊन निघालो. ऑगस्टच्या सुरुवातीला नवीन लोकांना आत घेण्याचा सोहळा आणि शेजारच्या स्टेडियममध्ये मॅच असते, तेव्हा सोहळाच बघायचा नसेल तर अजिबात जाऊ नका, हॉटेलं महाग आणि गर्दी. आधीच्या किंवा नंतरच्या महिन्यात, मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर चेहऱ्यांच्या दालनात जवळजवळ एकटे असाल. वयस्कर लोक बरोबर असतील तर आधी तेच दालन करा आणि अंगठ्या शेवटी ठेवा, आम्ही उलट केलं असतं तर नाना बाकावरच बसून राहिले असते.