स्लायडिंग बार्न डोअरच्या नावाखाली 60,180 रुपये गेले. सामान घेण्याआधी हे वाचा

पैसे गेल्याचा राग आहेच. त्याहून जास्त राग याचा आहे की चाळीस-पंचेचाळीस किलोचं दार माझ्या आईच्या अंगावर आलं, आणि ज्याच्यामुळे आलं तो माणूस या घडीला दुसऱ्या कुणाच्या तरी घरी टेप लावून माप घेत असेल. लाज वाटते म्हणून इतके दिवस गप्प होते. घरातलेही म्हणाले, सोड आता. पण मी गप्प बसले तर त्याचंच फावेल.

पुण्यात नवीन फ्लॅट घेतला. खोल्या लहान. एका बेडरूमचं दार उघडलं की कपाटाला आपटायचं, स्टडीचं दार उघडलं की टेबल लावायला जागा उरायची नाही, ड्राय बाल्कनीचं दार वॉशिंग मशीनला अडायचं. म्हणून तीन ठिकाणी बार्न डोअर, म्हणजे भिंतीवरच्या लोखंडी पट्टीला चाकांवर लटकून बाजूला सरकणारं दार, करायचं ठरवलं. ही हौस नव्हती, गरज होती. जुन्या घराचं भाडं 24,000 आणि नव्या घराचा हप्ता 41,300, दोन्ही एकाच वेळी चालू. नवऱ्याची रात्रपाळी, पदरात चार वर्षांचं पोर. अशा वेळी कामाचा माणूस चार प्रश्नांची उत्तरं नीट देतोय म्हटल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं?

या दारांचं सामान विकून बसवून देणारा तो माणूस आला सोसायटीतल्याच एका कामावरून. काळ्या पिशवीतून नमुना काढून माझ्या हातात दिला. जड पट्टी, बेअरिंगवर गुळगुळीत फिरणारं चाक, दार शेवटच्या वितभर अंतरात आपोआप हळू करणारा सॉफ्ट क्लोज. नमुना खरोखर चांगला होता, हे मी आजही सांगते. कोटेशनवर त्याने लिहून दिलं : एसएस 304 (म्हणजे न गंजणाऱ्या स्टीलची चांगली जात), मॅट ब्लॅक, दोन सूत जाडीची पट्टी, सॉफ्ट क्लोजसह, सेटला 14,500. तीन सेटचे 43,500. फिटिंग प्रत्येकी 2,500, म्हणजे 7,500. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 9,180. एकूण 60,180. यूपीआयने 40,000 आगाऊ दिले. सगळं आकड्यांत लिहिलेलं, शिक्का मारलेला कागद.

नमुना परत जाऊ देऊ नका. आगाऊ रक्कम देता ना, मग नमुन्यातलं एक चाक आणि पट्टीचा तुकडा काम संपेपर्यंत घरात ठेवून घ्या. नाही म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा.

आता ती वेळ, जी आठवली की अजूनही रात्री झोप लागत नाही. फिटिंगच्या दिवशी पट्ट्या हॉलमध्ये पसरलेल्या होत्या. माझा मुलगा खेळातलं चुंबक घेऊन त्यांच्यावरून फिरवत होता आणि ते पट्टीच्या बरोबर मधोमध खाटकन बसलं. नुसतं टेकलं नाही, पट्टी उभी केली तरी लटकून राहिलं. मी त्या माणसाला लगेच विचारलं. विचारलं नाही असं नाही. तो म्हणाला, ‘‘ताई, 304 ला कटिंग-बेंडिंग केलं की थोडं मॅग्नेट लागतंच, गूगल करून बघा.’’ मी तिथेच उभी राहून बघितलं, आणि ते खरं निघालं. 304 ला एरवी चुंबक चिकटत नाही, पण वाकवलेल्या किंवा कापलेल्या जागी किंचित ओढ येते. निम्मं खरं सांगून त्याने माझं तोंड बंद केलं. पट्टी सरळ होती. मध्यावर ना वाक होता, ना काप. आणि किंचित ओढ वेगळी, लटकून राहणं वेगळं. वर काळ्या रंगाचा थर दिलेलं ते साधं लोखंड होतं. ज्याला रोज याच धंद्यात खोटं बोलायचंय त्याच्याकडे उत्तर तयार असतं आणि आपल्याला प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा पडलेला असतो. माझी चूक काढणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं.

चुंबक चिकटलं नाही म्हणून निश्चिंतही होऊ नका. 202 या स्टीलच्या स्वस्त जातीलाही चुंबक चिकटत नाही. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात 304 तपासायचं लिक्विड आणि छोटी बॅटरी मिळते. पट्टीच्या मागच्या बाजूचा रंग थोडा खरवडून थेंब टाकायचा. 202 असेल तर तो लाल होतो.

आणि वजन करा. हे मला नंतर दुसऱ्या मिस्त्रींनी शिकवलं, आणि आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पैसे वाचले असते. दोन मीटर लांब, 40 एमएम रुंद, 6 एमएम म्हणजे सुमारे दोन सूत जाडीची पट्टी पावणेचार किलोच्या आसपास भरते. आमच्या पट्ट्या काढून तोलल्या तेव्हा अडीच किलो भरल्या, म्हणजे जाडी फक्त 4 एमएम. बॅग तोलायचा हातातला काटा घरोघरी असतो, तेवढा पुरतो.

बाकीच्या वस्तूंचीही तीच गत. सेट म्हणजे नुसती पट्टी आणि दोन चाकं नव्हेत. दाराला बोल्ट करायचे दोन हँगर, त्यांची चाकं, पट्टी भिंतीपासून पुढे उभी ठेवणारे स्पेसर, लांब बोल्ट, दोन टोकांना दोन स्टॉपर, दाराच्या वरच्या कडेला बसणाऱ्या दोन अँटी-जंप चकत्या आणि खाली फ्लोअर गाइड. आम्हाला चाकं मिळाली बेअरिंगशिवायची, नुसत्या प्लॅस्टिकची. स्टॉपर एकेका टोकालाच. सॉफ्ट क्लोज तिन्हींपैकी एकातही नाही. ‘‘तो पार्ट मागून येतोय’’ म्हणाला. पट्टी दोन तुकड्यांत आली होती. दोन तुकड्यांची पट्टी ही फसवणूक नाही, चांगल्या कंपन्याही पाठवतात, पण त्यांच्या जोडावर मागून जोडपट्टी असते आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना भिंतीत बोल्ट असतो. आमच्या जोडावर काहीच नव्हतं.

अँटी-जंप चकत्यांबद्दल वेगळं लिहिते, कारण आमच्याकडे दार पडलं ते त्यांच्या अभावी. बार्न डोअरचं चाक पट्टीवर नुसतं बसलेलं असतं. दार वर उचललं गेलं, धक्का बसला, पट्टी झुकली, तर चाक उडी मारून बाहेर येऊ शकतं. ती चकती पट्टीच्या खालच्या कडेशी अडते आणि दाराला वर उठू देत नाही. बाजारात तिची किंमत किरकोळ आहे. त्याने तीन दारांच्या सहा चकत्या वाचवल्या. फ्लोअर गाइड नसेल तर खालची बाजू आत-बाहेर झुलते. तेही त्याने फक्त एकाच दाराला लावलं होतं.

पण सगळ्यात घातक काम त्याने भिंतीत केलं. नेहमीच्या दाराचं वजन बिजागऱ्यांतून चौकटीवर जातं. इथे सगळं वजन पट्टीच्या बोल्टवर, आणि दार भिंतीपासून पुढे लटकत असल्यामुळे बोल्ट उपटला जाण्याच्या दिशेने ताण. नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुतेक सिपोरेक्सच्या म्हणजे हलक्या एएसी ब्लॉकच्या. त्यात साधा रावल प्लग, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी, टिकत नाही, भोक रुंद होत जातं. दाराच्या मोकळ्या जागेच्या वर काँक्रीटचं लिंटेल म्हणजे आडवी तुळई असते, तिथे बोल्ट धरतो. पण पट्टी दाराच्या रुंदीच्या दुप्पट लांब असते. निम्मी पट्टी लिंटेलच्या बाहेर, थेट ब्लॉकवर येते. दार पूर्ण उघडलं की सगळा भार नेमका त्या बाजूला. म्हणून आधी भिंतीवर जाड लाकडी फळी आरपार बोल्टांनी किंवा केमिकल अँकरने (भोकात रसायन भरून घट्ट केलेल्या बोल्टने) बसवतात आणि फळीवर पट्टी. त्याने दोन इंची स्क्रू, प्लॅस्टिकचे प्लग आणि हातोडी यांवर काम उरकलं. संध्याकाळी दारं सरकत होती. उरलेले 20,180 मी तिथेच दिले. सॉफ्ट क्लोज यायचा बाकी होता, म्हणून निदान तेवढे पाच हजार रोखायला हवे होते असं आता सगळे सांगतात. ‘‘मुलांचे पगार करायचेत ताई’’ म्हणाला. समोर दोन पोरं सकाळपासून राबताना मी पाहिली होती. त्यांचे पैसे मी कशी अडवणार?

ड्राय बाल्कनीच्या पट्टीवर पहिल्याच पावसात गंजाचे ओघळ आले. फोटो पाठवले, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. मग स्टडीचं दार आईने ओढलं, ब्लॉकमधून पांढरी भुकटी गळली, दोन स्क्रू सुटले, पट्टी जोडावर वाकली आणि चाक बाहेर. आई मागे सरली म्हणून मनगटाला मुका मार लागण्यावर निभावलं. मुलगा त्याच दाराशी गाड्या मांडून बसतो. यापुढचं मला लिहवत नाही.

फोन बंद. कोटेशनवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. मग जीएसटी नंबर बघितला. पंधरा अक्षरं-आकड्यांचा नंबर, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. आमच्या कागदावर 27 होते, म्हणून वरवर संशय येण्यासारखं काही नव्हतं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द, आणि नावही भलत्याच माणसाचं. तिथे कुणालाही फुकट, लॉगिन न करता बघता येतं. 9,180 रुपये सरकारच्या नावाने घेऊन त्याने खिशात घातले. आणि हातात होतं ते कोटेशन. टॅक्स इनव्हॉइस आलंच नाही. खोक्यांवरही काही नव्हतं : ना बनवणाऱ्याचं नाव, ना एमआरपी, ना महिना-साल, ना कुठल्या देशातून आलं ते. पॅक केलेल्या मालावर हे छापणं कायद्याने सक्तीचं आहे.

यानंतर जे झालं त्याने दार पडण्याइतकाच त्रास दिला. पोलीस चौकीत सांगितलं, ‘‘मॅडम, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा.’’ खोटा नंबर, खोटा पत्ता, सरकारच्या नावाने उकळलेला कर, आणि हा व्यवहाराचा वाद? अर्ज तरी घ्या म्हटलं तर साहेब बंदोबस्ताला. साहेब आले तेव्हा म्हणाले, ‘‘तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत ना?’’ प्रत्येक फसवणुकीत माणूस स्वतःहूनच पैसे देतो! बँकेत गेले, तिथेही तेच : पिन तुम्हीच टाकलात, आमच्या हातात काही नाही. पैसे कुणाच्या खात्यात गेले त्याचा पत्ता द्या म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल नाही तर पत्र कसं देणार? सोसायटीच्या गेटवर त्याचा फोटो आणि गाडीचा नंबर नोंदलेला आहे. मॅनेजरने तो दाखवायला नकार दिला, पोलिसांचं पत्र आणा. ज्यांच्या गेटमधून तो रोज आत येत होता, ज्यांच्या आवारात तो दहा घरांची कामं मिळवत होता, त्यांना माझ्या तक्रारीतून आपल्या सोसायटीचं नाव खराब होईल याची काळजी. कर कार्यालयात तोंडी सांगितलं, तुम्ही व्यापारी नाही, तुमचं नुकसान आमच्याकडे येत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना प्रत्येक जण माझ्याकडे असं बघत होता की गुन्हा मीच केलाय. शिकलेल्या दिसता, मग कशा फसलात, हे एकाने तोंडावर विचारलं. पगार त्यांना याचं उत्तर शोधायला मिळतो, मला विचारायला नाही.

या धावपळीत जे कळलं ते तुमच्या कामी यावं. चौकीत गुन्हा घेत नाहीत तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी तक्रार टपालाने पाठवता येते, पोचपावती जपा. फसवणुकीचं कलम आता 420 नाही, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318. आजच ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन, उशीर झाला की रक्कम पुढे सरकते. ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकानदाराच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे तक्रारीत आवर्जून लिहा.

आमची तक्रार दाखल आहे. नोटीस खोट्या पत्त्यावरून परत आली, खऱ्या पत्त्यासाठी झगडा चालू आहे. दरम्यान दारं पुन्हा केली : नवे सेट 33,600, फळी आणि आरपार बोल्टांसह फिटिंग 9,000, उखडलेल्या भिंतींचं प्लॅस्टर आणि रंग 3,400. म्हणजे 46,000. आधीचे धरून 1,06,180 रुपये, तीन दारांच्या हार्डवेअरसाठी. या वेळी पट्टी तोलून घेतली, चकत्या मोजून घेतल्या आणि बिल हातात आल्याशिवाय रुपया दिला नाही.

पुण्यात कुणाकडे काळ्या पिशवीतला जड नमुना, 14,500 चा सेट आणि ‘‘पार्ट मागून येतोय’’ असा अनुभव आला असेल तर आज संध्याकाळी तीन गोष्टी करा. पट्टीच्या मधोमध चुंबक लावा. दाराच्या वरच्या कडेला दोन चकत्या आहेत का ते स्टुलावर चढून बघा. नसतील तर मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्या दाराला हात लावू देऊ नका, दार उतरवून भिंतीला टेकवून ठेवा. आणि कोटेशन फाडू नका. एकाच माणसाकडून फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. पत्ता एकाला मिळाला तरी तो सगळ्यांना मिळाला.