शब्द जपणारे शिबिर, पण एक शब्द टाळणारे

ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माणसांची धार्मिक आणि सामाजिक मते जुळत नसताना एकमेकांशी बोलावे कसे, या विषयावर नेरूळमधील एका शाळेच्या सभागृहात भरलेल्या अर्ध्या दिवसाच्या शिबिराला मी 250 रुपये भरून गेले होते. विषयाला नोंदणीच्या टेबलापाशीच तोंड फुटले होते, असे म्हणायला हरकत नाही. कारण अहमदनगरकडच्या (आताच्या अहिल्यानगरकडच्या) जुन्या मंडळ्यांतले लोक ‘सलाम’ म्हणत होते, स्वतंत्र मंडळ्यांतले ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणत होते आणि वाशीहून आलेले कॅथलिक नुसते हात जोडत होते.

पहिल्या सत्रात आपण एकमेकांना पाठीमागे काय म्हणतो ते चिठ्ठ्यांवर लिहायचे होते. ‘नामधारी’, ‘मूर्तिपूजक’, ‘हालेलूयावाले’ हे शब्द फळ्यावर आले आणि थोडे हसू, थोडा खजीलपणा असे वातावरण झाले. बाप्तिस्म्याच्या चर्चेत एका निवृत्त पाळकसाहेबांनी दाखवून दिले की, भांडण ‘बाळाचा बाप्तिस्मा’ या शब्दांत नसते, तर त्याच्या पुढेमागे येणाऱ्या ‘खरा’ आणि ‘नुसता’ या दोन विशेषणांत असते.

शिबिराचा सर्वांत कसदार भाग मात्र गणपतीच्या प्रसादाचा होता. सोसायटीतली वीस वर्षांपासूनची शेजारीण मोदक घेऊन येते, तेव्हा ते घ्यावेत असे एका काकूंचे मत आणि घेऊ नयेत असे त्यांच्या मुलाचे. बायबलमधील, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय वाचला गेला. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तेथे ‘नैवेद्य’ हाच शब्द असल्याने हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटत नाही. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर चौकशी न करता जेवा, पण हा नैवेद्य आहे असे कोणी सांगितले तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असा तेथील सल्ला असल्यामुळे मायलेक दोघांनाही आधार सापडला. मग मुलाने आईचे मत आपल्या शब्दांत मांडायचे आणि आईने ‘हो, हेच मला म्हणायचे होते’ असे म्हणेपर्यंत पुन्हा मांडायचे, असे ठरले. त्याला ते तिसऱ्या खेपेस जमले.

कॅथलिक सिनॉडमधली (चर्चच्या धर्मसभेतली) पद्धतही करून पाहिली: पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपले बोलायचे, दुसऱ्या फेरीत ऐकलेल्यातले काय भिडले ते सांगायचे, तिसऱ्या फेरीत एकत्र विचार करायचा आणि मध्ये शांत बसायचे. ध्वनिक्षेपक किरकिरत असल्याने शांततेचेच क्षण बरे गेले. हाती दिलेले टिपण मात्र इंग्रजीवरून उतरवलेले होते. ‘मी आपल्या दृष्टिकोनाचा आदर करतो, तथापि’ असे पंचकमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत कोण बोलते? आपल्याकडे ‘रागावू नका, पण मला हे पटत नाही’ असेच म्हणतात, आणि ते पुरेसे सौम्य आहे.

शब्द गाळणे हेही बोलणेच असते, हे शिबिराच्या संचालकांनीच उदाहरणासह सांगितले होते: जून 2023 च्या सिनॉडच्या कामकाज-दस्तऐवजात असलेले ‘एलजीबीटीक्यू+’ हे समलैंगिक, पारलिंगी आदी व्यक्तींसाठीचे लघुरूप ऑक्टोबरच्या अहवालात उरले नाही. म्हणूनच पुढचा प्रकार मला खटकला. एका चिठ्ठीवर दलित ख्रिस्ती लोकांचा प्रश्न होता. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील अनुसूचित जातींच्या व्याख्येत 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत; मग मंडळीतही जात विचारली जाते त्याचे काय, असे त्यात विचारले होते. संचालकांनी ‘सामाजिक पार्श्वभूमी’ असा गुळगुळीत शब्द वापरून चिठ्ठी घडी करून ठेवली आणि चहाची वेळ झाल्याचे जाहीर केले.

पाचपैकी साडेतीन गुण. चहाबरोबरचे बटाटेवडे उत्तम होते. पुढचे शिबिर ठेवणार असल्यास त्या घडी केलेल्या चिठ्ठीपासून सुरुवात करावी. मी पुन्हा 250 रुपये भरीन.