कॅटॅमरान वर्षभर वापरल्यावर: सहा नॉट धरा, दहा विसरा

जळगावला गेलं की हमखास विचारतात, "काय भो, किती पळते?" आता भुसावळचा एक मित्र विक्रेत्याच्या "दहा नॉट आरामात" या बोलण्यावर अशाच बोटीचा बयाणा द्यायला निघालाय, म्हणून सविस्तर लिहितो. (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल, साधारण 1.85 किलोमीटर; पुढे मैल म्हणजे हेच मैल.)

चुलतभावाच्या भागीत घेतलेली आमची जुनी 40 फुटी कॅटॅमरान, म्हणजे दोन समांतर हल (बोटीची पाण्यात बसणारी अंगं) असलेली शिडाची बोट, मुंबई-गोवा पट्ट्यात चालते. दहा नॉट दिसतात, पण मागून दमदार वारा असताना बोट लाटेवरून घसरते तेवढेच काही सेकंद. हिशेब सरासरीवर करायचा. चोवीस तासांत 150 नॉटिकल मैल कापले की सरासरी सव्वासहा नॉट, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. अशा बोटीचा हा चांगला दिवस! अटलांटिक ओलांडताना लास पाल्मास (कॅनरी बेटं) ते सेंट लुशिया (कॅरिबियन) हे साधारण 2700 मैल पार करायला व्यापारी वारे, म्हणजे तिथे सतत एकाच दिशेने वाहणारे वारे, पाठीशी असूनही अशा बोटींना अडीच-तीन आठवडे लागतात.

आपल्या किनाऱ्याला ते सुखही नाही. हिवाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा, रात्री जमिनीकडून झुळूक, मधल्या वेळात सगळं पडलेलं. मुंबई-गोवा सुमारे 230 मैल. सहाच्या वेगाने 38 तास होतात, मी 45 धरतो. रात्री मच्छीमारांची जाळी चुकवत हळू जावं लागतं. परतताना तोच वायव्य वारा तोंडावर येतो. मग नागमोडी जायचं: पाण्यात सहा नॉट, मुंबईकडे जेमतेम चार.

वजनाचंही सांभाळा. घरची मंडळी बिबडे, कळण्याचं पीठ, पाण्याचे कॅन चढवतात आणि निमुळते हल पाण्यात खाली बसतात, वेग जातो.

पण माझा खरा राग इंजिनांच्या पंख्यांवर (प्रोपेलर). आमचे स्थिर तीन पात्यांचे आहेत. शिडावर चालताना दोन्ही पाण्यात आडवे येतात आणि अर्धा नॉट तरी खातात. दिवसाला बारा मैल फुकट! शिडावर चालताना पाती मिटून घेणाऱ्या पंख्यांची जोडी लाखांत जाते, म्हणून अजून घेतलेली नाही, आणि प्रत्येक फेरीला ते खुपतं.

इंजिनांबद्दलचं मत मात्र बदललं. वारा पडला की दोन्ही चालवायची, असं आमचं ठरलेलं. रत्नागिरीच्या पुढे डाव्या बाजूचं गिअर ऑइल दुधाळ दिसलं, सीलमधून पाणी शिरलेलं. ते इंजिन बंद ठेवून पुढे गेलो. कारागीर म्हणाला, आख्खं युनिट बदला. भांडून फक्त सील बदलून घेतलं, उत्तम चाललंय. पण एका इंजिनावर सव्वापाच नॉट मिळाले! दोन्हींवर साडेसहा-सात मिळतात, डिझेल मात्र जवळपास दुप्पट. वेग थोडा वाढवायचा तरी ताकद कितीतरी जास्त लागते. आता आलटून पालटून एकच चालवतो.

मित्रा, टाक्या भरून, सामान आणि माणसं चढवून चाचणी माग. जुन्या नोंदवहीत चोवीस तासांचे मैल बघ. बोट वर काढायला लावून पंखे तपास. मिटणारे असतील तर त्याचे पैसे जास्त दे, दहा नॉटांचे देऊ नको.