सुपरचार्जर लीक होतोय? ‘तुमचा द्या, आमचा रिबिल्ट घ्या’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा

घरच्या घरी सुपरचार्जरचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाचं, लीकेज काढायला निघालेल्या नवशिक्यांसाठी लिहितोय, कारण या लोकांचा डोळा आपल्यासारख्यांवरच असतो. गॅरेजवाल्याला असली थाप पचत नाही, पण पाने घेऊन स्वतः गाडीखाली शिरलेला माणूस अर्ध्यात अडकला की आयता सापडतो.

माझं लीकेज साधं होतं. रूट्स टाइपचा सुपरचार्जर, म्हणजे आत दोन रोटर एकमेकांना न घासता फिरतात आणि हवा पुढे ढकलतात. ईटन कंपनीच्या एम४५, एम६२, एम९० अशा युनिट्समध्ये पुढच्या नाकाडात स्वतःचं वेगळं तेल असतं, इंजिन ऑइलशी त्याचा काही संबंध नाही, आणि ते असतं तरी किती, १००-२०० मिलीच्या आसपास. पुलीच्या मागे शाफ्टवर एक सील असतं, वर्षानुवर्षं उष्णता खाऊन त्याचं रबर कडक होतं आणि तेल झिरपायला लागतं. फिरणारी पुली ते तेल उडवते, त्यामुळे बोनेटच्या आतल्या बाजूला पुलीच्या बरोब्बर समोर शिंतोड्यांची सरळ रेघ उमटते. माझ्याकडे ती रेघ इतकी स्वच्छ होती की बाकी काही शोधायची गरजच नव्हती. सील बदला, तेल भरा, संपला विषय.

अडलं कुठे, तर पुलीवर. ती शाफ्टवर प्रेस करून बसवलेली असते, साध्या दोन पायांच्या पुलरने ओढली तर कड तुटते, खास पुलर लागतो. तो भाड्याने मिळेल का म्हणून एका वेबसाइटवर सुपरचार्जरच्या पार्ट्सची जाहिरात करणाऱ्या एकाला मेसेज केला. त्याने पुलरचं नावच काढलं नाही. म्हणाला, “पुली राहू दे भाऊ, आधी इनलेटच्या तोंडाचा आतला फोटो पाठवा.” पाठवला. दोन मिनिटांत उत्तर, “मागचे सील गेलेत, बेअरिंग पण गेलंय, कधीही जाम होईल, तुकडे इंजिनात गेले तर इंजिनच बदला.” फोटोत रोटरवर तेलाचा पातळ थर दिसत होता खरा. वाचून पोटात गोळाच आला.

आता ही सगळी चलाखी त्या एका फोटोत आहे, म्हणून नीट वाचा. इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारी तेलकट वाफ बऱ्याच गाड्यांत परत इनटेकमध्येच सोडतात आणि ती सुपरचार्जरमधूनच पुढे जाते. त्यामुळे आत थोडा तेलकटपणा चांगल्या चालणाऱ्या युनिटमध्ये पण सापडतो. म्हणजे फोटो कुणीही पाठवा, ‘रोग’ निघणारच! खरं बघायचं असेल तर बोट फिरवून वास घ्या. सुपरचार्जरच्या जुन्या तेलाला असा घाणेरडा उग्र वास येतो की साबणाने धुतला तरी हाताला राहतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. मग बेल्ट काढून पुली हाताने फिरवा. खरखर नाही, वरखाली-आडवी हलत नाही, तर बेअरिंगची भीती घालणाऱ्याचं ऐकू नका. आयडलवर नुसती खडखड येत असेल तर बहुतेक वेळा पुलीचा शाफ्ट आतल्या गिअरशी जोडणारा कपलर झिजलेला असतो, तो छोटासा पार्ट आहे, त्यासाठी पूर्ण युनिट बदलत नाहीत. माझी पुली सुळसुळीत फिरत होती, हे मी त्याला सांगितलं पण होतं, तर म्हणे “थंड असताना तसंच वाटतं.”

मग आली ऑफर. तुमचं युनिट पाठवा, मी तयार रिबिल्ट, म्हणजे झिजलेले भाग बदलून परत जोडलेलं, पाठवतो, वरचा फरक तेवढा द्या, वॉरंटी आहे. अट दोन, युनिट अजिबात उघडलेलं नको, आणि पैसे थेट खात्यात टाका म्हणजे मधल्या वेबसाइटचं कमिशन वाचेल. सोबत रोटर गरगर फिरतानाचा व्हिडिओ. त्यात युनिटवरचा नंबर कुठेच दिसत नव्हता आणि फिरवायला साधं ड्रिल लावलेलं होतं.

घाबरून मी युनिट आणि पैसे दोन्ही पाठवले. जे आलं ते बघायला एकदम चकाचक, चांदीसारखा रंग. तो रंग बोल्टच्या डोक्यांवर पण मारलेला, आणि तेल भरायच्या प्लगमध्ये अॅलन की बसायचा जो खड्डा असतो तो रंगाने इतका भरलेला की की आत जाईना. म्हणजे रंग मारल्यावर तो प्लग कुणी उघडलेलाच नाही, मग तेल तपासलं कधी? नंबरच्या पट्टीच्या जागी नुसती दोन रिव्हेटची भोकं. गाडीला लावल्यावर घुरघुर सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत जोडावरून तेल उतरायला लागलं, म्हणजे आधी होतं त्यापेक्षा जास्त.

शेवटी उघडलं. आत उग्र वासाचा पत्ता नाही, साधं इंजिन ऑइल ओतलेलं. मशीन केलेल्या सपाट कडेवर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याचे खड्डे, आणि ते झाकायला सिलिकॉन सीलंट इतकं थापलेलं की त्याचे लोळ आतल्या बाजूला लोंबत होते. दोन भाग अचूक जुळवणाऱ्या डॉवेल पिनांपैकी एक गायब. हा पार्ट मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे मारतो, आणि रोटर व घराच्या भिंतीमधली फट अगदी केसाएवढी. पिन नसल्यावर रोटर घासणारच, त्यांच्या कोटिंगवर ओरखड्यांचे पट्टे पडलेले दिसत होते.

फोन केला तर पहिलं वाक्य, “तुम्ही उघडलंत ना, मग वॉरंटी संपली.” हे फार पक्कं कोडं आहे राव, उघडल्याशिवाय पुरावा नाही आणि उघडलं की वॉरंटी नाही. त्यानंतर ब्लॉक. पैसे थेट खात्यात गेलेले, वेबसाइटवाले म्हणाले व्यवहार आमच्याकडून झालाच नाही.

तर आपलं मूळ युनिट हातातून सोडूच नका, लीक होणारं असलं तरी. अगदीच पाठवायचं झालं तर नंबरची पट्टी, पुली, सगळ्या बाजूंचे फोटो काढा आणि सहज दिसणार नाही अशा जागी पंचने खूण करा. समोरच्याकडून व्हिडिओ मागा, कागदावर आजची तारीख आणि युनिटचा नंबर एकाच फ्रेममध्ये, प्लग उघडून तेल दाखवलेलं. टाळाटाळ केली की समजून जा. सील घेताना एफकेएम या उष्णता सोसणाऱ्या रबरचं मागा, साधं नायट्राइल या उष्णतेत लवकर कडक होतं. आणि स्वतः उघडलंत तर पुढचे टायमिंग गिअर शाफ्टवरून ओढायच्या फंदात पडू नका, रोटरचं टायमिंग एकदा गेलं की घरी जुळत नाही.

आता गंमत बघा. परवा त्याच माणसाची नवीन जाहिरात दिसली, ‘ओरिजिनल, कधीही न उघडलेला, एकाच मालकाचा’. फोटोत माझाच सुपरचार्जर. वरून तिसऱ्या फिनचा टवका मी बेल्ट काढताना पाना निसटून उडवला होता, तो तस्साच आहे, त्याने तेवढा पण घासायची तसदी घेतलेली नाही. कुणी तो घ्यायच्या विचारात असेल तर युनिट खरंच चांगलं आहे, फक्त पुढचं सील लीक होतंय.